पिवळ्या बॅजला जेवण नाही

१० सप्टेंबर, बुधवार

पिवळ्या बॅजला जेवण नाही! हे कधी कळलं? वीस मिनिटं रांगेत उभं राहून, ताट हातात घेतल्यावर. दारावरच्या बाईने माझ्या गळ्यातला बॅज दोन बोटांनी उचलून पाहिला आणि ताट काढून घेतलं. "मॅडम, निळा बॅज डॉक्टरांचा. पिवळा म्हणजे सहायक. तुम्हाला चहा आहे ना!" चहा आहे ना! जणू उपकारच.

बावीस वर्षं कवळ्या बनवतेय मी. आत पांढऱ्या टेबलांवर जे चरत होते त्यांतल्या निम्म्यांनी जन्मात स्वतःच्या हाताने एक दात घडवला नसेल. माप घ्यायचं, प्लास्टरचा साचा खोक्यात घालून आमच्याकडे धाडायचा, आठवड्याने तयार कवळी पेशंटच्या तोंडात बसवायची आणि आरसा पुढे धरायचा. साच्यावर नाव नसतं, नंबर असतो. माझ्या लॅबच्या दारावर पाटीसुद्धा नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, "पाटी कशाला? पेशंट थोडाच तुमच्याकडे येणार!"

यंदा पहिल्यांदाच त्यांनी मला परिषदेला आणलं. घरी काय मिरवलं मी! नवे बूट घेतले. आणण्याचं खरं कारण आज सकाळी लॉबीत कळलं. शुक्रवारी चार वाजता डॉक्टर मोठ्या हॉलमध्ये एक केस दाखवणार आहेत, पेशंटसकट. "मास्तरांना बरोबर आणलंय. मास्तर, या आमच्या लॅबवाल्या, तुमचे दात यांच्याकडेच झाले. जरा लक्ष ठेवा हो त्यांच्याकडे, बाई माणूस असलं की बरं असतं." म्हणजे मी कारागीर नाही. आया!

केस कुठली ते नंबरावरून कळलं. चारशे सतरा. माझीच की! कॅन्सरमुळे खालच्या जबड्याचा उजवा अर्धा काढलेला. उरलेला अर्धा तोंड मिटताना आत सरकतो आणि खालचे दात वरच्यांना गाठतच नाहीत. म्हणून वरच्या कवळीत डाव्या बाजूला दातांच्या दोन रांगा — एक नेहमीची, आणि तिच्या आत दुसरी, सरकून आलेल्या दातांना टेकायला. दोन रांगांची युक्ती पुस्तकात आहे, ती कुणाच्या बापाची नाही. पण दुसरी रांग नेमकी कुठे आणि किती उंच, हे पुस्तकात नाही. सात वेळा मेणात लावली, सात वेळा मोडली. त्या तोंडाचा साचा नऊ महिने माझ्या टेबलावर होता. चेहरा आज पाहिला.

अडुसष्ट वर्षांचे, काटक. शाळेत पी.टी. शिकवायचे. हनुवटी एका बाजूला ओढलेली, पण मान अशी ताठ की अजून मैदानावर पोरं उभी आहेत असं वाटावं. बोलणं जरा जाड येतं, हुकूम मात्र स्पष्ट. ओळख करून दिली तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही त्यांनी. माझे हात पाहत होते.

तर ताट गेल्यावर मी मागे वळले तो मास्तर उभे. विचारलं, "तुमच्या जेवणाचं काय?" म्हणाले, "मला काही दिलेलं नाही. चला बाई, बाहेर बघू. पाऊल उचला!" आजारातून उठलेल्या माणसाला स्टेजवर नाचवायला आणायचं आणि जेवायला घालायचं नाही! डॉक्टरांच्या या कद्रूपणाला काय म्हणावं?

सुट्टी पन्नास मिनिटांची, त्यातली वीस रांगेत गेलेली. बाहेर नुसत्या काचेच्या इमारती. पहिल्या हॉटेलात मास्तरांनी दारातूनच डोकावून पाहिलं — "आरसे आहेत." दुसरं — "फार उजेड." तिसऱ्यात कोपऱ्यातलं एक टेबल भरलेलं, बाकीची दहा रिकामी. "नको." माझ्या पोटात कावळे कोकलतायत आणि या गृहस्थांचे नखरे संपत नाहीत! शेवटी पेपरच्या दुकानातून बिस्किटांचा पुडा घेतला आणि परिषदेच्या पायऱ्यांवर उभ्याने संपवला. मास्तरांनी एकालाही हात लावला नाही. नखरेल माणूस!

११ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी

नवऱ्याचा फोन. "जेवणखाण कसं असतं गं तिथलं?" म्हटलं, मस्त.

११ सप्टेंबर, संध्याकाळी

पेन कागदात रुततंय. रागाने. आणि आज राग फक्त डॉक्टरांचा नाही.

दुपारी एकच्या ठोक्याला निघालो, रांगेच्या फंदात न पडता. पुन्हा तेच! एक जागा उंच स्टुलांची, रस्त्याकडे तोंड करून बसायचं, बाहेरचे लोक आपला घास मोजणार. मास्तर आत शिरलेच नाहीत. दुसरीकडे पदार्थांची यादीच नाही, म्हणे फोनवर बघा. तिसरीकडे गाणी इतकी मोठ्याने की वेटरला ओरडून सांगावं लागलं, आणि तो ओरडून म्हणाला, अर्धा तास थांबा. चौथ्या दारातून मास्तर परत फिरले तेव्हा माझा संयम सुटला. भर फुटपाथवर म्हटलं, "मास्तर, तुम्हाला जेवायचंय की हॉटेलांची तपासणी करायचीय?" ते पुढे चालत राहिले.

छापखान्यामागच्या गल्लीत, जिथे टेम्पोतून कागदाची रिळं उतरवत होते, तिथे सहा टेबलांचं एक बारकंसं हॉटेल सापडलं. छापखान्यातली माणसं खाली माना घालून भराभर जेवत होती. आरसा नाही, गाणी नाहीत. मालकीण जाडजूड, चष्मा कपाळावर, हातात पळी. फळ्यावर खडूने लिहिलेलं — सूप, उकडलेले बटाटे, आमलेट, पाव. मास्तर सरळ कोपऱ्यात गेले, भिंतीला पाठ लावून बसले. त्यांना अवघडायला नको म्हणून मी बाजूची खुर्ची ओढली. तर म्हणाले, "तिथे नाही. समोर."

बसले समोर. आणि पाहिलं.

बटाटा कुसकरून चमच्यात घेतला, चमचा पार वर तोंडापर्यंत आणला, हनुवटी उचलली, आणि छताकडे बघत चावला. प्रत्येक घास तसाच. ओठाच्या कडेने सूप ओघळलं की घडीच्या रुमालाने टिपायचे, रुमाल पुन्हा खिशात. मला वाटलं, काय हा ताठा! जेवतानाही सावधान! मग त्यांचा चमचा खाली पडला. घास तोंडात असतानाच ते उचलायला वाकले आणि मला आवाज आला. टक्.

तो आवाज मी झोपेतही ओळखीन. मागचा दात आधी टेकतो आणि कवळी उचकटते, त्याचा आवाज. मास्तरांनी गालावर हात दाबला, मान वर केली, कवळी जिभेने जागेवर बसवली. सवयीचं काम! दिवसातून कितीदा करत असतील?

म्हणजे तो ताठा नव्हताच! दवाखान्याच्या खुर्चीत माणसाचं डोकं मागे टेकवून, मान सरळ ठेवून माप घेतात. साचा येतो माझ्याकडे. साच्यावर माझं काम बिनचूक होतं. निळा कागद मध्ये धरून दोन्ही साचे मिटवले तेव्हा दात टेकतात तिथे उमटणाऱ्या खुणा अगदी सारख्या होत्या, मी स्वतः मोजल्या होत्या. पण प्लास्टरला मान नसते! माणूस ताटावर वाकला की जबडा जरासा सरकतो. या माणसाचा तर अर्धाच आहे, तो जास्त सरकणार. आतल्या रांगेचा शेवटचा दात केसभर उंच राहिलाय. माझा. मी बसवलेला.

बावीस वर्षांत मी माझे दात जेवताना कधी पाहिले नव्हते. एकदाही नाही. शरम वाटली, आणि शरमेने आणखी संतापले. "सांगितलं का नाहीत कुणाला?"

"सांगितलं. दोनदा. डॉक्टर म्हणाले, सवय होईल."

"आणि घरी?"

"घरी आत एकटा जेवतो. सून ताट आणून देते." मग बराच वेळ बटाटा. मग म्हणाले, "दात आले त्या दिवशी सगळ्यांबरोबर बसलो होतो. नात म्हणाली, आजोबा छतावर काय बघतायत? सगळे हसले, मीपण हसलो. दुसऱ्या दिवसापासून आत. ती म्हणते, आजोबा माझ्यावर रागावलेत."

मी आमलेटची बशी बाजूला सारली. विचारलं, मग माझ्याकडे का नाही आलात? "कुठे येणार? पत्ता डॉक्टर देत नाहीत. म्हणतात, लॅबशी तुमचा संबंध नाही."

पाच वाजता डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे, शेवटचा दात थोडा घासून कमी करते. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. "आता हात लावायचा नाही! सगळे फोटो काढून झालेत. पडद्यावर एक आणि तोंडात भलतंच दिसलं तर?" म्हटलं, पण त्यांना जेवता येत नाही! म्हणाले, "उद्या खुर्चीत बसून सफरचंदाची एक फोड खायचीय. तेवढं येतं त्यांना."

तेवढं येतं त्यांना!! तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी काय केलं? "बरं" म्हणाले. बावीस वर्षांची सवय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी अडीच

घासला! पायाला फोड आलाय, बूट काढून जिन्याखाली बसलेय. लिहून टाकते, नाहीतर चारपर्यंत वेड लागेल.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये कवळीचे दात घासून कमी करायच्या यंत्राचा एक स्टॉल आहे. विक्रेता कालपासून सगळ्यांना "वापरून बघा, वापरून बघा" म्हणून बोलावतोय. म्हटलं, चला, वापरून बघते! त्याच्याकडून निळ्या कागदाच्या चार पट्ट्या घेतल्या. मास्तरांना तिथे उभं करणं शक्य नव्हतं, डॉक्टर तिथेच घिरट्या घालत होते. आणि उभ्याने खूण घेऊन उपयोग काय? टेबल हवं, ताट हवं, वाकलेली मान हवी. म्हणजे छापखान्यामागचं हॉटेल.

तेच कोपऱ्यातलं टेबल. "मान खाली. ताटाकडे बघा. आणखी खाली. आता चावा." मास्तरांच्या दातांत निळी पट्टी, समोर रिकामं ताट! छापखान्यातल्या दोघांनी जेवण थांबवलं. मालकीण पळीसकट आली. "काय चाललंय हे?"

"दात बसवतेय."

"बसवा. टेबल पुसून जा म्हणजे झालं."

खूण नेमकी शेवटच्या दातावर उमटली, ठळक. कवळी रुमालात गुंडाळली आणि पळाले. सहा मिनिटांची वाट. घासलेलं परत जोडता येत नाही — हात आखडता घ्यावा तर टक् राहतो, जास्त जावं तर रांगच निकामी, आणि चार वाजता चारशे डॉक्टरांसमोर मास्तरांची फजिती. थोडंसंच घासलं. परत पळाले. इतका वेळ ते तोंडावर रुमाल धरून, बिनदातांचे, परक्या माणसांत बसून होते. मी असते तर पळून गेले असते.

पुन्हा पट्टी. खूण फिकी, पण आहे. पुन्हा पळाले. विक्रेत्याने पहिल्या खेपेला हसून स्वागत केलं होतं, दुसऱ्या खेपेला विचारलं, "मॅडम, यंत्र घेणार आहात ना?" तिसऱ्या खेपेला काही न विचारता दिवा जवळ धरला. चांगला माणूस. यंत्र मी घेणार नाही.

तिसऱ्यांदा मास्तर ताटावर वाकले, चावले. आवाज नाही. पुन्हा चावले. नाही! मालकिणीने न मागता पावाचा कडक कडेचा तुकडा ताटात टाकला आणि तिथेच उभी राहिली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि खाली बघत खाल्ला तो. मग दुसरा. मग सूपात बुडवून तिसरा. वर बघितलंच नाही. मला वाटलं, जेवणात लक्ष आहे. त्यांनी डोळे पुसले तेव्हा कळलं.

"आता तू जेव," म्हणाले. पहिल्यांदा तू म्हणाले. पण दोनला दहाच मिनिटं होती, सुट्टी संपली होती. पाव हातात घेऊन निघाले.

१२ सप्टेंबर, संध्याकाळी

पिवळ्या बॅजला मोठ्या हॉलमध्येही प्रवेश नाही. वा! तीच दारावरची बाई. "बाहेर टीव्ही आहे ना!" टीव्ही होता. आवाज नव्हता.

मुका पडदा पाहिला. माझ्या दोन रांगा भिंतीएवढ्या. डॉक्टरांचे ओठ हलतायत, काठी माझ्या आतल्या रांगेवर फिरतेय. मग मास्तर खुर्चीत, डोकं मागे टेकवलेलं. डॉक्टरांनी फोड पुढे केली. मास्तर उठले! सरळ खुर्चीतून उठले, पाण्याचं छोटं टेबल ओढलं, साधी खुर्ची घेतली, सगळी बशीच समोर ठेवली. आणि मान खाली घालून, घरी बसल्यासारखे, जेवायला लागले. एक फोड. दोन. सगळी बशी. डॉक्टरांचं हसू मध्येच अडकलं, तोंडचं पाणी पळालं होतं. मग माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली आणि डॉक्टरांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून मान लववली. छान!

मास्तर बाहेर आल्यावर पहिला प्रश्न तोच. "माझं नाव घेतलं?"

"नाही. मी घेणार होतो. माइक दिला नाही."

मग मी लॉबीत गेले. तीसेक निळे बॅज डॉक्टरांभोवती होते. सगळ्यांसमोर म्हटलं. दात माझे, सात वेळा मेण मोडलं ती मी, आज दुपारी तुमच्या मनाविरुद्ध घासले तेही मी, म्हणून ते मान खाली घालून खाऊ शकले! मग म्हटलं, "आणि या म्हाताऱ्या माणसाला तीन दिवस उपाशी ठेवलंत! स्वतः आत बसून चरत होतात!"

डॉक्टर लाल झाले. "काहीही काय! मी त्यांना निळा पास दिलाय. जेवणाची कुपनंसुद्धा. विचारा त्यांनाच!"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर ताठ मानेने समोरच्या भिंतीकडे बघत उभे. सावधान!

"खोटारडे!" डॉक्टरांना म्हणाले मी. सगळ्यांसमोर. आणि सोमवारपासून तुमचा एकही साचा घेणार नाही, असंही. आज ते "बरं" तोंडातून निघालं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

परतीचा प्रवास. निम्मं काम गेलं. नवऱ्याला गाडीतूनच सांगितलं. तो म्हणाला, "जेवलीस का?" या वेळी खरं सांगितलं.

मास्तरांनी उतरताना पत्ता मागितला. दिला.

२२ सप्टेंबर, सोमवार

दारावर पाटी लागली. माझ्या नावाची. खिळे नवऱ्याने ठोकले, जरा वाकडीच बसलीय. पहिलं गिऱ्हाईक मास्तर! नातीला घेऊन आले. म्हणाली, आजोबा आता आमच्यात जेवतात, माझ्या ताटातलं पण खातात. कवळी पॉलिशला दिली आणि तोंडाला रुमाल लावून बाहेर बाकावर बसलेत दोघं.

डबी उघडली. कवळीखाली काहीतरी घडी करून ठेवलेलं. मला वाटलं, कापूस.

निळा पास. दुपारच्या जेवणाची तीन कुपनं — बुधवार, गुरुवार, शुक्रवार. एकही फाडलेलं नाही.

डॉक्टर खरं बोलत होते. आत पांढऱ्या टेबलावर ताट वाढलेलं होतं. ते सोडून हा माणूस उपाशीपोटी माझ्याबरोबर दारोदार फिरत होता, माझी बोलणी खात — मी समोर बसून बघेपर्यंत.